मुक्या वाघिणींची वाचा

पुण्यात कोथरूडला छोट्या आगगाड्यांचे जोशी यांचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे सांगावयास नको की, एरवी संसारी आणि हिशेबी असलेली प्रौढ माणसेही वीतभर इंजिनापुढे देहभान हरपून उभी राहतात. आणि म्हणूनच, ज्या अमेरिकेत या छंदाला एखाद्या शास्त्राची प्रतिष्ठा लाभली, जेथील शौकिनांची राष्ट्रीय संस्था १९३५ साली स्थापन होऊन चाके, रूळ व जोडण्या यांची मापे ठरवून देत आली, तेथे आता इंजिनापाठोपाठ मालगाडीच्या वाघिणींनाही आवाज देण्याचा उद्योग चालला आहे, हे ऐकून कोणी हसू नये.

उद्योग सोपा नाही. १:८७ या लोकप्रिय प्रमाणात ४० फुटी वाघीण अवघी १४ सेंटिमीटरांची होते. तिच्या पोटात, रुळांतून चाकांवाटे वीज घेणारी पट्टी, साठविलेला ध्वनी वाजविणारी चिप आणि नखाएवढा स्पीकर बसवावयाचा. त्या स्पीकरमागे बंद डबी नसेल तर पुढच्या व मागच्या ध्वनिलहरी एकमेकींस खाऊन टाकतात. आणि रुळावरच्या धुळीने वीज क्षणभर तुटली तरी आवाज तुटू नये, म्हणून वीज साठवून ठेवण्याचीही तजवीज करावी लागते.

इतकी यातायात करून वाजवावयाचे काय, हा खरा प्रश्न. अमेरिकेत रूळ दीर्घकाळ ३९ फुटांचे असत, कारण ते ४० फुटी उघड्या वाघिणीत मावावे लागत; शिवाय दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवण्याची तेथे रीत, त्यामुळे खडखडाट डावा-उजवा असा आळीपाळीने उठे. ब्रेकने आवळलेले चाक न फिरता घसरले की त्याची कड एका जागी सपाट होते आणि मग प्रत्येक फेऱ्यास एक ठोका पडतो. ३३ इंची चाक ताशी ३० मैलांच्या वेगात सेकंदास सुमारे पाच फेरे घेते, सबब तो ठोका वेगाच्या हुकमतीत असला पाहिजे. गाडी धीमी झाली तरी ठोक्यांची लय तीच राहत असेल, तर ती वाघीण खोटी साक्ष देत आहे असेच म्हणावे लागेल.

साक्षीबरोबर काळाचेही भान हवे. फळे-भाज्यांच्या थंड वाघिणींत एके काळी छपरावरील झाकणांतून बर्फाच्या लाद्या भरीत. यांत्रिक शीतकरणाची घरघर पुढे आली. बर्फाच्या वाघिणीला ती घरघर देणे म्हणजे पेशवाईच्या नाटकातील कारभाऱ्याच्या मनगटावर घड्याळ बांधणे होय. गुरांच्या वाघिणींचे असेच. जनावरांना चारा, पाणी व विश्रांती न देता २८ तासांहून अधिक काळ डब्यात कोंडून ठेवू नये, असा कायदा तेथे १८७३ मध्ये झाला, आणि त्यापायी गाड्या वाटेत थांबवून गुरे उतरविली जात. त्यांचे हंबरणे या मुक्कामाच्या शांततेत शोभते. भरधाव गाडीतून अखंड हंबरणारी वाघीण मुलांना रिझवील, आणि रिझविण्यापुरती ती मलाही मान्य आहे, पण तिला वास्तवाची सनद मिळणार नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र आवाजाच्या जोराविषयी आहे. छतापासून चाकाच्या आऱ्यापर्यंत सारे काही ८७ पटींनी लहान करणारा कारागीर आवाजाची कळ मात्र पूर्ण पिळतो, आणि मग दिवाणखान्यात मालगाडी नव्हे, पिठाची गिरणी चालते. वास्तविक साठ सेंटिमीटरांवरून ती गाडी पाहणारा माणूस, प्रमाणाच्या हिशेबाने, खऱ्या गाडीपासून सुमारे ५२ मीटरांवर उभा असतो. तेवढ्या अंतरावरून जे कानी येईल तेच त्याच्या कानी यावे, आणि खोलीत कोणी हलक्या आवाजात बोलू लागले तर ते शब्द बुडू नयेत. वीस वाघिणींच्या गाडीत दोन बोलक्या असाव्यात, एक सपाट चाकाची आणि एक यांत्रिक शीतकरणाची. उरलेल्या अठरांना मुक्याच राहू द्यावे.