प्रात्यक्षिक कीं वेठ?

रोग्याच्या उशाशीं जी बाई उभी राहते तिला रोग्याची भाषा यावी, ही कांहीं फार मोठी मागणी नाहीं. तरी डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली, कोकणा, धोडी, कातकरी बायांना ती अजून मागावी लागते. बाळंतपणासाठीं आलेली वारलीण कळा कशा येतात हें आपल्या बोलींत सांगते. खाटेपाशीं उभी असलेली सिस्टर दूरच्या जिल्ह्यांतली असली, तर तिला त्यांतलें निम्में कळत नाहीं. मग ती मोठ्यानें बोलूं लागते. मोठ्यानें बोललें म्हणजे परकी भाषा कळते, असा आमच्या सुशिक्षितांचा जुनाच समज आहे! बाई गप्प होते, आणि पुढच्या खेपेस गांवच्या सुईणीलाच बोलावणें धाडते. त्यावर 'आदिवासी अडाणी, दवाखान्यांत येत नाहींत' असा शेरा मारावयास साहेबलोक मोकळे.

ह्यावरचा उपाय नवा नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं सांगितलें होतें कीं, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकविणारे मास्तर होतां होईल तों त्याच वर्गांतून तयार करा. ते लोकांत मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील. मास्तराच्या जागीं नर्स घाला, शेतकऱ्याच्या जागीं वारली घाला, अर्ज आजहि तसाच चालेल. सरकारनें तो अर्धा ऐकलाहि. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनें अनुसूचित क्षेत्रांतील कांहीं पदें स्थानिक आदिवासींतूनच भरण्याचें ठरलें. त्यांत परिचारिकेचें पद होतें. पुढें तें प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलें, भरत्या रखडल्या, तो वाद निराळा. आमचा प्रश्न त्याच्या आधींचा आहे. जागा राखली; पण त्या जागेपर्यंत जाणारी वाट कोणी बांधली काय?

वाट कशी आहे ती पाहा. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीस शास्त्रविषय व इंग्रजी हवें, २०२२ पासून राज्याची सीईटी, आणि मग चार वर्षें. जनरल नर्सिंगला तीन, एएनएमला दोन. आश्रमशाळेंत मराठींतून शिकलेली मुलगी पहिल्याच दिवशीं इंग्रजी शरीरशास्त्राच्या जाड पुस्तकापुढें बसते. बाप चिकूच्या वाडींत रोजावर, नाहींतर दिवाळीनंतर घरदार घेऊन वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर. शिष्यवृत्ति परीक्षा उरकल्यावर हातीं पडणार असेल, तर तोंवर मेसचें बिल कोणीं भरावें? मुलीला डोकें नाहीं असें कोणी म्हणूं नये. रानांतल्या पन्नास पाल्यांचीं नांवें जिला पाठ आहेत तिला २०६ हाडांचीं कां येऊं नयेत? इंग्रजी नांवें शिकावींच लागतील, औषधाच्या बाटलीवर तींच असतात. पण समजूत आपल्या भाषेंतून झाली पाहिजे.

आणि नर्स नुसत्या वर्गांत घडतहि नाहीं. ती खाटेपाशीं घडते. नाडीवर बोटें ठेवून ती मंदावत आहे हें ओळखणें, पोटावर हात ठेवून बाळाचें डोकें कोठें आहे तें सांगणें, लहान मुलाला औषधाचा डोस हिशेबानें काढणें, हें शेजारीं जाणतें माणूस उभें असल्याशिवाय येत नाहीं. गांवची सुईण तरी कशी शिकली? सासूच्या शेजारीं बसून. तिचें शास्त्र अपुरें असेल, शिकण्याची रीत खोटी नव्हती. इंडियन नर्सिंग कौन्सिलनें एका विद्यार्थिनीमागें तीन रोगी असें प्रमाण सांगितलें आहे. हेतु हा कीं, विद्यार्थिनीनें रोगी नीट पाहावा आणि शिक्षिकेनें विद्यार्थिनीला.

परंतु जेथें पगारी नर्स अपुऱ्या तेथें विद्यार्थिनी ही आयती मजूर ठरते. चादर बदल, ट्रॉली ढकल, कागद लिही, रात्रपाळीला एकटी उभी राहा! चादर बदलण्याला आम्ही हलकें काम मानीत नाहीं. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचें नांव घेणारांनीं सेवेला नाक मुरडूं नये. पण शंभरावी चादर बदलतांना ती मुलगी शिकते काय? शेवटीं नोंदवहींत बाळंतपणांचा आंकडा तर भरावाच लागतो. केलें एक आणि लिहिलीं पांच, असें झालें तर फसवणूक त्या मुलीची, आणि उद्यां तिच्या हातीं येणाऱ्या बाळंतिणीची.

ह्या मुलुखांत तरी हें चालूं नये. १९४५ च्या मे महिन्यांत तलासरीकडील झरी गांवीं वारल्यांची परिषद भरली, आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या साथीनें त्यांनीं जमीनदारांची वेठ नाकारली. फुकट राबणार नाहीं, एवढेंच त्यांचें म्हणणें. त्यासाठीं १० आक्टोबरला तलवाड्यास गोळीबार झाला. जेठ्या गांगड व त्याचे सोबती मेले. त्यांच्या पणतीनें आतां गणवेष घालून वेठ करावी काय?

शिकण्याच्या जागा जवळ आहेत. डहाणूस व कासा येथें उपजिल्हा रुग्णालय, तलासरीस ग्रामीण रुग्णालय. शिवाय आदिवासी भागांत तीन हजार वस्तीमागें एक उपकेंद्र असावें हा सरकारचाच दंडक. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत मुलींनीं अवश्य जावें, तेथें यंत्रें दिसतील. पण सिकलसेलचा रोगी अंग ठणकत आला असतां काय करावें, कमी वजनाचें मूल झोपडींत उबेस कसें ठेवावें, सर्पदंशाच्या रोग्याला सिल्वासा-वलसाडकडे केव्हां धाडावें आणि गाडी येईतों काय करावें, हें उपकेंद्रांतच कळणार.

लोकांजवळ जाऊन शिकवण्याचा प्रयोग ह्याच डहाणू तालुक्यांत एकदां झालेला आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं बोर्डीस १९४५ सालीं बालशिक्षणाचें काम मांडलें आणि १९५७ सालीं तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच अंगणांत व कुरणांत गेली. त्या बाया कोणत्या जातीच्या हें आम्हांस ठाऊक आहे; चांगल्याला चांगलें म्हणतांना त्यामुळें आमची जीभ अडखळत नाहीं.

तेव्हां आरोग्यखात्यानें व आदिवासी विकास खात्यानें एकत्र बसावें. बारावी झालेल्या मुलींना सीईटीपूर्वी इंग्रजी व शास्त्राची फुकट तयारी द्यावी, राहण्याची सोय रुग्णालयाच्या आवारांतच करावी, आणि शिष्यवृत्ति सत्राच्या आरंभींच हातांत ठेवावी. शिक्षिका वॉर्डांत हजर असावी. नोंदवहीवर जी सही करील तिनें तें बाळंतपण स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असावें. आणि परजिल्ह्यांतून येथें शिकावयास येणाऱ्या मुलींना आठवड्यांतून एक तास वारली बोलीचा सक्तीचा करावा. त्यासाठीं नवा मास्तर नेमण्याचा खर्च नाहीं. वर्गांतली मागच्या बाकावरची वारली मुलगीच तो तास घेईल.