भुताच्या पुढची गोष्ट

'तुंबाड' बघून टरकलात ना? २०१८च्या त्या सिनेमामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. आता एक पाऊल पुढे टाका आणि जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' (१९७५) उघडा. दोनच दीर्घकथा. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य सांगणं. इथे भूत शोधू नका, गाठ नियतीशी आहे. दंतकथा, प्रवासकथा, तत्त्वचिंतन सगळं एकात. 'ही भयकथा की साहित्य?' हा वाद लायब्ररीच्या कपाटांसाठी ठेवा. रिझल्ट, प्लेसमेंट सगळं तुमच्याच हातात आहे, असं रोज ऐकता ना? आणि नसलं तर? तेव्हा ताठ कसं उभं राहायचं, हे कुठलंच मोटिव्हेशनल रील सांगत नाही. या कथाही तयार उत्तर देत नाहीत. पण त्या प्रश्नाच्या डोळ्याला डोळा भिडवायला शिकवतात. सिलॅबसमध्ये नसल्या तरी वाचाच!