वईवरचा शेर

परवा नात सुट्टीला शहापूरला आली होती. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाळवंटातल्या वनस्पतींचा धडा निघाला आणि मला माझी एक जुनी चूक आठवली. आज ती इथे कबूल करून टाकतो.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. मुरबाडकडच्या शाळेत असताना विज्ञानाचे शिक्षक बदलून गेले की तो तास माझ्या गळ्यात पडायचा. एकदा चाचणीत प्रश्न होता, 'खोडात अन्न तयार करणाऱ्या वनस्पतीचे नाव लिहा.' पुस्तकातलं उत्तर निवडुंग. ठाकरवाडीतल्या एका मुलाने लिहिलं, 'शेर'. मी फुली मारली. तो पेपर घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "गुर्जी, शेराला पानं कुठं असतात? मग तो जगतो कशावर?" मी त्याला जागेवर बसायला सांगितलं. मार्क दिला नाही.

मुलाचं बरोबर होतं. शेराला शेंड्याकडे बारीक पानं फुटतात, पण ती लगेच गळतात. पानातून पाणी उडून जातं, म्हणून पानाचं काम तो हिरव्या कांड्यांवर सोपवतो. मूळचा आफ्रिकेतला हा पाहुणा, पण आपल्या वईवर घरच्यासारखा रुळला.

आता खरी गंमत उन्हाची. झाडाला ऊन हवं, पण जास्त झालं तर तेच घातक. पाणी वाचवायला झाड भर दुपारी रंध्रं मिटून घेतं, त्यामुळे कर्बवायू आत येत नाही. हरितद्रव्य मात्र प्रकाश पकडतच राहतं. न वापरलेली ती शक्ती पेशींची नासाडी करते. चुलीवर भांडं आहे, आत शिजवायला काही नाही आणि जाळ भडकलेला, तशी गत.

अशी झाडं यावर काय करतात? एक, कांड्या उभ्या. सूर्य डोक्यावर आला की ऊन त्यांच्यावरून तिरपं निसटतं. दोन, हरितद्रव्याच्या जोडीची काही पिवळी द्रव्यं जास्तीची शक्ती उष्णता करून बाहेर टाकतात. आणि तिसरी युक्ती रात्रपाळीची. रात्री गारव्यात रंध्रं उघडायची, कर्बवायू घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दार लावून त्या शिध्यावर स्वयंपाक करायचा.

हे आम्ल जिभेला कळतं. (शेर मात्र चुकूनही चाखू नका!) आपल्या पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं आणि दुपारी बेचव. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात राहिलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतीतज्ज्ञाने हे 1813 साली पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं होतं. त्यामागचं कारण शास्त्रज्ञांनी पुढे विसाव्या शतकात उलगडलं.

कुणी म्हणेल, भातसा-तानसाच्या तालुक्यात वाळवंट कसलं? पाऊस चार महिने धो धो पडतो, कबूल. पण मे महिन्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. तेव्हा वईला पाणी कोण घालतं? नकाशात नसलेलं वाळवंट शेराच्या मुळाशी दरवर्षी तीन महिने असतंच.

हल्ली प्लॉट पडले की पहिल्यांदा शेर उपटतात. सिमेंटचे खांब आणि तारा येतात. शेराचा चीक वाईट, डोळ्यात गेला तर फार आग होते, हे खरं. पण त्या चिकामुळेच गुरं तोंड लावत नाहीत आणि शेत राखलं जातं. माझं म्हणणं एवढंच, की निदान बांधावरचा शेर राहू द्यावा. आणि मास्तरांनी हा धडा मुलांना चिकाची समज देऊन वईपाशी उभं राहून शिकवावा. राजस्थानचं चित्र नंतर दाखवलं तरी चालेल. पुस्तकात नसलेलं पण बरोबर असलेलं उत्तर आलं, तर लाल पेन उचलण्याआधी एकदा बाहेर जाऊन बघावं.

नातीला शेर दाखवायला निघालो, तर आमच्या आळीत वई उरलेलीच नाही. शेवटी रिक्षा करून गावाबाहेर गेलो. तिने कांड्या निरखल्या आणि विचारलं, "आजोबा, याची पानं कुठे गेली?"

पुन्हा तोच प्रश्न! या वेळी उत्तर दिलं. पण त्या मुलाचा एक मार्क माझ्याकडे अजून बाकी आहे.