एसटी जाते का?

दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या ऐटीत ‘इनबिल्ट नेव्हिगेशन’सकट घेतलेली एखादी गाडी आज अटल सेतूवरून जाते, तेव्हा तिच्या पडद्यावर ती पोहत असते. शिवडीला जमीन सुटली की बाण निळ्या पाण्यात उतरतो आणि साडेसोळा किलोमीटर पाण्यातच राहतो. गाडीतली बाई तेवढा वेळ गप्प असते, किंवा ‘शक्य होताच मागे वळा’ म्हणत असते. हीच गाडी समृद्धी महामार्गावर नेली तर ताशी १२०च्या वेगाने लोकांच्या कपाशीतून आणि सोयाबीनमधून जाते. ‘छत्रपती संभाजीनगर’ टाइप केलं तर असं गावच तिला सापडत नाही. तिच्या कार्डातला नकाशा ज्या वर्षी भरला, त्या वर्षीच महाराष्ट्र थांबलेला असतो.

हा नकाशा नवा करून घेता येतो, असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरला जायचं, कार्ड किंवा पेनड्राइव्ह घ्यायचा, पैसे मोजायचे. ते किती, हे एकदा ऐकल्यावर बहुतेक लोक खिशातला फोन काढून काचेला चिकटवतात आणि त्या महागड्या पडद्याचा उपयोग फक्त रिव्हर्स घेताना होतो.

तरीही मला त्या मठ्ठ यंत्राविषयी आदर आहे. गाडीतलं नेव्हिगेशन उपग्रहांच्या मदतीवाचून सुरू झालं, हे आपण विसरतो. होंडाने जपानमध्ये १९८१ साली ‘अकॉर्ड’ गाडीत ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ नावाचं उपकरण दिलं, तेव्हा गाडीवाल्यांसाठी जीपीएस नव्हतंच. हेलियम वायूवर चालणारा एक जायरोस्कोप गाडी किती वळली ते सांगायचा, किती अंतर गेली ते गाडीकडूनच कळायचं, आणि या दोन्हीच्या हिशेबाने पडद्यावरचा ठिपका पारदर्शक नकाशावर सरकायचा. नकाशाचं पान संपलं की ड्रायव्हरने पुढचं पान सरकवायचं. चार वर्षांनी कॅलिफोर्नियात ‘इटॅक’ आलं. त्याचे नकाशे चक्क कॅसेटवर असत, आणि मोठ्या शहराला एक कॅसेट पुरत नसे. ते बनवणाऱ्यांनी एक फार शहाणी गोष्ट केली. हिशेब थोडा थोडा चुकत जाणार, हे धरून चालायचं. पण गाडी कुठल्यातरी रस्त्यावरच असणार, कुणाच्या अंगणात नसणार, म्हणून दर वळणाला ठिपका जवळच्या रस्त्यावर ओढून घ्यायचा. आजही प्रत्येक नेव्हिगेशन हेच करतं.

उपग्रह आले तेही सुरुवातीला हात राखूनच. अमेरिकी लष्कर सर्वसामान्यांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे. चूक शंभर मीटरपर्यंत जायची. मे २०००मध्ये हा बिघाड काढून टाकला आणि मग कुठे ‘पुढच्या चौकात डावीकडे’ असं म्हणण्यात अर्थ आला.

पण आकाश दिसत नाही तिथे उपग्रहाचा उपयोग शून्य, आणि तिथे होंडाचा तो जुना हिशेब कामाला येतो. मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरा. मलबार हिलच्या पोटातून दोनेक किलोमीटर आत. खिशातला फोन तिथे अंदाजपंचे चालतो. कधी ठिपका तोंडाशीच थांबतो, कधी वरच्या डोंगरावर फिरायला जातो. गाडीला मात्र स्वतःची चाकं किती फिरली ते माहीत असतं. बोगद्यात वळायचं नसतं, मग काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते बाहेर पडल्यावर. अमरसन्स, हाजी अली की थेट वरळी, हे तिथे लगेच ठरवायचं असतं, आणि फोन तेव्हा डोळे चोळत असतो.

मग फोन जिंकला कशावर? नकाशावर नक्कीच नाही. देशातल्या अनेक गाड्यांमधला इनबिल्ट नकाशा मॅपमायइंडियाचा असतो, आणि दिल्लीची ही कंपनी १९९५पासून हेच काम करते आहे. पैसे लागत नाहीत, हे एक कारण खरंच. ऑक्टोबर २००९मध्ये गूगलने अमेरिकेत फोनवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हा काचेला चिकटवायची यंत्रं विकणाऱ्या गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर त्याच दिवशी आपटले. पण फुकट मिळालं म्हणून माणूस एखादी वस्तू एकदा वापरून बघतो, रोज वापरत नाही. रोज वापरतो ते खंडाळ्याच्या घाटातल्या त्या लाल रेघेसाठी. रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतताना रेघ लाल झाली की आपण निमूटपणे लोणावळ्यात चहाला थांबतो. ती रेघ कुणी काढत नाही. पुढे अडकलेल्या शेकडो लोकांच्या खिशांतले फोन ‘आम्ही इथे रेंगाळतोय’ असं कळवत असतात, त्याची ती बेरीज असते.

सायमन वेकर्ट नावाच्या बर्लिनच्या कलाकाराने २०२०मध्ये या बेरजेची गंमत दाखवली. एका हातगाडीत ९९ चालू फोन भरले आणि रिकाम्या रस्त्यावरून ती गाडी सावकाश ओढत नेली. नकाशावर तो रस्ता लाल. गूगलला वाटलं, वाहतूक तुंबली.

लोक ही गोष्ट हसून सांगतात. मला तिची दुसरी बाजू जास्त अस्वस्थ करते. ९९ फोन असले की नकाशाला गर्दी दिसते. एकही फोन नसला की काय दिसतं? रस्ता मोकळा दिसतो. म्हणजे एखादा रस्ता लोकांनी सोडून दिलेला असला, तर त्या न जाण्यातली अक्कल फोनपर्यंत पोचेलच असं नाही.

जानेवारी २०२१मध्ये पुण्याकडची काही माणसं कळसूबाईला निघाली होती. रात्रीची वेळ. अकोले तालुक्यात कोतूळजवळचा एक पूल पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली होता. वर्षातले काही महिने तो पाण्याखालीच असतो. नकाशाने सांगितलं सरळ, गाडी सरळ गेली. दोघे बाहेर पडले, चालवणारा बुडाला. आसपासच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक होतं की या दिवसांत तिकडून जायचं नसतं. नोव्हेंबर २०२४मध्ये बरेलीजवळ रामगंगेवर पुराने तुटलेल्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. दोन्ही वेळा दोष नकाशाच्या माथी मारला गेला. नकाशाचा दोष आहेच. पण पुलाच्या तोंडाशी आडवे टाकायला दोन दगड ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना मी नकाशाच्या आधी जाब विचारेन. आणि अशा जागी इनबिल्ट नकाशा असता तरी त्यानेही सरळच पाठवलं असतं. गर्दी काढून घेतली की फोन आणि गाडी दोघेही सारखेच आंधळे.

आपल्या डोंगरांत रस्त्याची एक जुनी परीक्षा आहे: एसटी जाते का? या तीन शब्दांत पूल वजन पेलतो का, वळण लांब गाडीला पुरतं का, डांबर शिल्लक आहे का, सगळं येतं. शिवाय ती परीक्षा आजची असते. संध्याकाळी फाट्यावर ‘वस्तीची गाडी वर गेली का?’ असं विचारलं आणि ‘गेली की मघाशी’ असं उत्तर आलं, तर रस्ता चालू. ‘आज अलीकडूनच परतली’ असं आलं, तर गाडी फिरवायची. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश अलीकडे जवळपास दरवर्षी निघतात. फोनवर तो बंद दिसेलच याची खात्री नाही. फाट्यावरच्या माणसाला माहीत असतं. शिवाय घाटात रेंज जाते. आधी ऑफलाइन नकाशा उतरवून घेतलेला असेल तर फोन रस्ता तरी दाखवतो, पण लाल-पिवळं काही सांगत नाही. मग तो फुकटातला इनबिल्टच झाला म्हणायचा.

उंचीचं प्रकरण वेगळंच. उघड्या आकाशाखाली फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो, पण ती आडवी. वर की खाली, हे त्याला नीट उमगत नाही. जुलै २०२५मध्ये बेलापूरला एक बाई पुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने गेल्या आणि गाडी थेट जेट्टीवरून खाडीत. सागरी पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. पुण्याच्या चांदणी चौकात कुणी बुडत नाही, एवढाच फरक. एकावर एक रस्ते आणि त्यांना फुटलेले रॅम्प, त्यात नकाशातली बाई ‘किंचित डावीकडे’ म्हणते. त्या किंचितात मुळशी आणि मुंबई दोन्ही बसतात. उड्डाणपूल घ्यायचा की नाही, हे आधी सांगायची सोय गूगलने २०२४मध्ये भारतातल्या ४० शहरांत आणली. मदत होते, पण पुलाच्या पायथ्याशी मी अजून पाटीच वाचतो.

सध्या तर फोन आणि गाडी या दोघांचा तह झालेला आहे. अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले यांनी फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर आणला. पडदा गाडीचा, अक्कल फोनची. माझ्या मते सर्वसामान्य माणसाचा प्रश्न इथेच सुटतो. मे महिन्यात डॅशबोर्डवर तापून फोन मान टाकत नाही, नेमक्या वळणावर मामाचा फोन आला तरी नकाशा झाकला जात नाही, आणि होल्डरमधून फोन सीटखाली घरंगळत नाही. ऑक्टोबर २०२०पासून मोटार वाहन नियमांनी रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा दिली आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये, या अटीवर. ती अट पाळायची तर नकाशा रस्त्याच्या रेषेत हवा, मांडीवर नको.

कंपन्यांना मात्र हा तह बोचतो. जनरल मोटर्सने २०२३मध्ये जाहीर केलं की त्यांच्या पुढच्या विजेच्या गाड्यांत कारप्ले नसेल. यात स्वार्थ उघड आहे: पडदा हातात राहिला की माहितीही हातात राहते आणि पुढेमागे वर्गणीही लावता येते. पण कंपन्या देतात ते कारण अगदीच खोटं नाही. विजेच्या गाडीत ‘किती दूर’ यापेक्षा ‘पोचेन का’ हा प्रश्न मोठा. खोपोलीहून वर चढताना बॅटरी किती खाल्ली जाईल, उतरताना किती परत मिळेल, मधे चार्जिंगला कुठे थांबायचं, हे बॅटरीशी बोलणाऱ्या नकाशालाच नीट सांगता येतं. गाडीशी न जोडलेला फोन इथे पाहुणाच असतो. म्हणजे ज्या इनबिल्टला आपण मोडीत काढलं, ते विजेच्या वायरीवरून परत घरात शिरतं आहे. नकाशा आता इंटरनेटवरून ताजा होतो. पहिली काही वर्षं फुकट, पुढे पैसे. ती पुढची वर्षं येतील तेव्हा लोक काय करतील, याची मला फारशी शंका नाही.

भाचा नवी गाडी घेतोय. पेट्रोलचीच. टॉप मॉडेलमध्ये इनबिल्ट नेव्हिगेशन, खालच्यात फोन जोडायची सोय. मी त्याला हे सगळं बैजवार समजावून सांगितलं आणि खालचं मॉडेल घे म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. टॉप मॉडेलच बुक केलं, कारण खालच्याला सनरूफ नाही.