थंडीचा करार

‘अलोन’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका २०१५ साली सुरू झाली. दहा माणसे एकेकटी अरण्यात सोडायची, निवडलेली दहा साधने आणि अंगावरचे कपडे एवढ्यावर त्यांनी निभाव लावायचा, शेवटपर्यंत टिकेल त्याला पाच लाख डॉलर. सहाव्या आणि सातव्या पर्वासाठी कॅनडातील ग्रेट स्लेव्ह सरोवराचा काठ निवडला गेला. तेथे सरोवर गोठते, मासे मिळेनासे होतात आणि माणूस आपल्याच शरीरातील चरबीवर जगू लागतो. सातव्या पर्वात शंभर दिवस टिकण्याची बोली होती. इनाम दहा लाख डॉलर.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात प्रथम खटकते ते हे, की स्पर्धकाबरोबर कॅमेरावाला नाही. चित्रण स्पर्धकानेच करायचे! उपाशी माणूसच नट आणि तोच चित्रकार. १९२८ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विणकराच्या माथी दोनांऐवजी तीन माग मारण्यात आले, त्याला ‘सुसूत्रीकरण’ असे गोंडस नाव होते. इथे त्यालाच साहस म्हणतात.

शिवाय तो काठ निर्जन नाही. डेने लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, पण एकेकटे नव्हे. केलेली शिकार वाटून खाणे हीच त्यांची जगण्याची रीत. ती रीत वगळली तरच स्पर्धा उभी राहते.

तरीही स्पर्धकाला काही हक्क आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्याच्याजवळ उपग्रह दूरध्वनी असतो, केव्हाही माघार घेता येते. वजन धोक्याच्या पातळीखाली गेले, तर डॉक्टर त्याला बाहेर काढतात.

आता लडाखकडे पाहा. सीमा सडक संघटनेने उमलिंग ला खिंडीतून १९,०२४ फुटांवर रस्ता नेला. २०२१ मध्ये त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्या उंचीवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. लडाखच्या रस्त्यांवर खडी फोडणाऱ्यांत झारखंडच्या संथाळ परगण्यातील मजूर मोठ्या संख्येने असतात. जून २०२० मध्ये, महासाथ चालू असताना, त्यांच्यासाठी दुमक्याहून खास रेल्वेगाडी सोडण्यात आली. अपरिचित हवामानाशी जुळवून घेण्याचा हाच खरा प्रयोग, आणि तो दरवर्षी होतो. प्रेक्षक मात्र नाहीत.

१९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात कंत्राटी मजुराला मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता देण्याची तरतूद होती. ती कितपत पाळली गेली, हा प्रश्न वेगळा. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितेत प्रवासभत्ता उरला, विस्थापन भत्ता गेला. संहितांविरुद्धच्या लढ्यात आपल्या कार्यकर्त्यांनी या भत्त्याची मागणी ठळकपणे मांडावी. तिच्या जोडीला दुसरीही मांडावी: श्वास लागलेल्या मजुराला, पगार न कापता, डॉक्टरच्या चिठ्ठीवर खाली उतरण्याचा हक्क.