ठोकून घ्यावी की बदलावी?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या भाईंदर पूर्वेच्या घरासमोर चिरंजीवांची मोटार उतरली, तीही ट्रकमधून! शर्यतीच्या हौसेपायी पगारातून पैसे साठवून त्याने जुनी एस्टीम घेतली होती. (हे मॉडेल २००७ साली बंद झाले.) चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ती भिंतीला धडकली. पोरगा सुखरूप आला, हे आमचे नशीब. विम्याचे म्हणाल, तर नेहमीच्या मोटार-विम्यात शर्यतीतला अपघात धरीतच नाहीत.

"ठोकूनठाकून घे आणि विकून टाक," मी म्हणालो.

"बाबा, इंजिन शाबूत आहे हो!"

अखेर मिस्त्रींना बोलावले. चेपलेले दार, बॉनेट त्यांनी हसत बाजूला सारले. मग आतल्या लोखंडी पिंजऱ्याची वाकलेली नळी दाखवली. "साहेब, ही सरळ होईल; पण पुन्हा धक्का बसला तर पहिल्यासारखी टिकायची नाही. अपघातात ताणलेले पट्टेही बदलायचेच." गाडीचा सांगाडा तिरका झाला होता, शिवाय इथल्या मिठागरांच्या खाऱ्या हवेने गंजलेलाही.

तेव्हा ठरले : गाडी पळवणारे भाग दुरुस्त करायचे, माणूस वाचवणारे बदलायचे. इंजिन, गिअरबॉक्स तेच. सांगाडा दुसऱ्या एस्टीमचा, पिंजरा आणि पट्टे कोरे. म्हणजे यंदाची शर्यत बुडाली. चिरंजीव हिरमुसले.

शर्यतीचे नाव काढताच चिडणारी सौ. आतून भिशीचे पाकीट घेऊन आली.

"पिंजरा माझ्याकडून," म्हणाली, "आणि चांगला मजबूत घे!"