आमचा शरद आम्हांला द्या

शरद ऋतूत पाने गळतात, आणि ती गळताना पाहून मन उदास होते, असा एक समज हल्ली मराठीत रूढ झाला आहे. कथांतून, भावगीतांतून तो फिरतो. मी म्हणतो, हा समज साफ खोटा आहे, आणि तो आपल्या घरातून जितक्या लवकर जाईल तितके बरे!

ही उदासी आपली नव्हे. इंग्रजी 'ऑटम'ला आपण 'शरद' हा शब्द दिला आणि शब्दामागून पानगळही घरात घेतली. विलायतेत ती खरी आहे. तिथे दिवस आखडतात, थंडी पडू लागते आणि झाडे पाने टाकतात. आपल्याकडे आश्विनात जमिनीच्या पोटी पावसाची ओल असते. झाडाने पाने का टाकावीत? आपला पळस उघडा पडतो तो ओल आटल्यावर, पुढे माघ-फाल्गुनात. आणि तेव्हाही रडत बसत नाही, लाल फुलांनी पेटतो.

"मास्तर, शब्दांचा एवढा कीस कशाला?" असे कोणी विचारील. मी शाळेत मराठी शिकवतो. मुले निबंधात लिहितात, 'शरदात झाडे उघडी होतात', आणि वर्गाच्या खिडकीबाहेर चिंच हिरवीगार उभी असते! उसन्या शब्दाने डोळे असे झाकले जातात. कालिदासाने 'ऋतुसंहारा'चा तिसरा सर्ग शरदाला वाहिला. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्रा'त आपले महिने एकेक करून डोळ्यांपुढे उभे केले. आणि आपण मोबाइलवर मेपलची तांबडी पाने एकमेकांना धाडतो!

आपला शरद भरल्या घराचा आहे. आधी तो उन्हाने भाजतो, हे कबूल. पण पाऊस परतला की वारा फिरतो, आकाश धुतल्यासारखे होते. कोजागरीला आटीव दुधात चांदणे उतरते. पहाटे पारिजातकाचा सडा पडतो. कुबट झालेल्या गोधड्या उन्हात पसरतात. कोकणात नवे भात घरी येते, देशावर शाळूची कोवळी धाटे डुलतात. अभ्यंगाच्या पहाटे उटणे लावताना अंग शहारते, तीच थंडीची पहिली वर्दी. या सुखांना पैसा पडत नाही. फक्त घटकाभर स्वस्थ बसावे लागते. तेवढेच आपल्याला जमत नाही, म्हणून परक्याची उदासी सोयीची वाटते.

वाचकहो, दिवाळी म्हणजे शरदाचा मध्य. कार्तिक अजून हातात आहे, आवळीखालचे जेवण व्हायचे आहे. मार्गशीर्षात हेमंत येऊन ठेपेल. तोवर घरात कोणी पानगळीच्या नावाने सुस्कारा टाकला, तर त्याच्या हातावर एक चकली ठेवा आणि त्याला पहाटे गच्चीवर पाठवा!